बाबांच्या कानांनी

पिस्तूल नेमबाजीच्या अंतिम फेरीला शाल्मलीने बाबांचे आवाज अडवणारे जुने इअरमफ उचलले, तसे तिचे प्रशिक्षक जगदाळे सर वैतागले.

"अगं, प्रत्येक इअरमफ आपल्या मालकाकडून शिकतो. मालकाला हवं तेवढंच आत सोडतो. तुझे मऊ, हलके सोडून ही कढई कशाला घालतेस डोक्यावर?"

"माझ्या इअरमफमधून फक्त बाबांच्या सूचना यायच्या, सर. आता काहीच येत नाही. त्या शांततेनेच नेम चुकतो."

बाबा गेल्यापासून तिची शेवटची गोळी दर स्पर्धेत भरकटत होती.

तिने ते जड कप कानांवर दाबले. प्रेक्षक विझले. शेजारच्या पिस्तुलाचा बारही विझला. उरला एक श्वास, आत येणारा, बाहेर जाणारा. तिचाच. इतकी वर्षं तिच्या मागे उभे राहून बाबा एवढंच ऐकत होते.

शेवटची गोळी. श्वास थांबला, हात स्थिरावला. तिने चाप ओढला.

फलकावर दहा पूर्णांक नऊ झळकले. सुवर्णपदक! सर उड्या मारत काहीतरी ओरडत होते, पण त्यांचा शब्दही आत आला नाही.

तिचं हसू मात्र आत आलं, मोठ्याने, स्वच्छ. तेही बाबांना ऐकायचंच असायचं.