फोनमधली आई

नव्या घराच्या डाउन पेमेंटला हातभार म्हणून ती एका ॲपसाठी मुलांना झोपवायच्या गोष्टी रेकॉर्ड करायची. स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट तिला सारखा टोकायचा, "ताई, सावकाश. ऐकता ऐकता पोराचे डोळे मिटायला हवेत." मग ती दमलेल्या अस्वलाला रमतगमत, मधेमधे जांभया देत, घरी पोहोचवायची.

ती कामावर असली की नवरा लेकीला तेच रेकॉर्डिंग लावून द्यायचा. ती घरी असली की लेकीच्या उशाशी बसून तीच गोष्ट चार वाक्यांत उरकायची. पुढच्या गोष्टीची तयारी खोळंबलेली असायची ना. वर म्हणायची, "झोप गं बाई आता. तुझ्याच खोलीसाठी चाललंय हे सगळं."

काल अस्वल नुकतंच निघालं होतं, तेवढ्यात लेकीनं तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला.

"आई, तू जा तुझ्या कामाला. मला फोनमधली आई लावून दे."

"अगं वेडाबाई, ती पण मीच आहे."

लेकीनं ठामपणे मान हलवली.



"नाही. ती मला झोप येईपर्यंत थांबते."