कुतूहलाची पंधरा मिनिटं

फळ्यावर मोठ्या बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: साडेनऊ ते पावणेदहा, कुतूहल. पावणेदहा ते दहा, शोधाचा आनंद. मग हात धुणे.

माळ्याने ते दोनदा वाचलं. कपाळाला हात लावायची फार इच्छा झाली, पण शेजारीच संस्थेचे अध्यक्ष उभे होते. या बालशाळेत माळ्याला कायम करायचं की नाही, हे आजच्या कार्यक्रमानंतर तेच ठरवणार होते. 'आजचा एक दिवस तोंडाला कुलूप लावा,' असं बायकोने निघताना बजावलं होतं.

अंगणाच्या मधोमध चार पसरट ट्रे मांडले होते आणि त्यांत माती होती. निदान बाई तिला माती म्हणत. माळ्याकडून त्यांनी ती तीनदा चाळून घेतली होती, दोन दिवस पत्र्यावर तापवून घेतली होती, आणि शेवटी स्वतः भिंगातून पाहून 'आता हरकत नाही' म्हणाल्या होत्या. जन्मभर मातीत राबलेल्या माणसाला ते पीठ बघवत नव्हतं. त्या पिठात त्यानेच काल, यादीबरहुकूम, प्लास्टिकचे वीस किडे पुरले होते.

वीस मुलं रांगेने आली. हातमोजे, गमबूट, टोप्या, असा सगळा जामानिमा. पालक मोबाईल उंच धरून कुंपणाशी दाटीवाटीने उभे होते.

"मुलांनो, निसर्ग आपला कोण?" बाईंनी विचारलं.

"मित्र!" आठवडाभर घोकलेलं उत्तर एका सुरात आलं.

मित्राची भेट तीन मिनिटांत आटोपली. प्रत्येकाने एकेक किडा उपसला आणि वाटीत टाकला. कुतूहलाची अजून बारा मिनिटं शिल्लक होती आणि त्यांचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. एका मुलाने जांभई देत विचारलं, "बाई, हात कधी धुवायचे?" अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. माळ्याने मनातल्या मनात सगळ्यांना एका ओळीत उभं करून काय ते सुनावलं आणि वरवर मान डोलावली.

तेवढ्यात भिंगरी सटकली. चार वर्षांची ही पोर एका जागी टिकत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. अवजारांच्या खोलीमागे, गळक्या नळाखाली, माळ्याने सहा महिने पालापाचोळा कुजवला होता. भिंगरीची आई रोज उशिरा न्यायला येई, तोवर ती तिथे त्याच्याबरोबर उकिडवी बसून असे. दातांनी हातमोजे ओढत ती तिकडे धावली आणि तळहातावर बोटभर लांब गांडूळ घेऊन परत आली.

"हे बघा, खरं! मऊ आहे. याला डोळे नसतात, तरी याला उजेड कळतो. काकांनी सांगितलं."

मग ट्रेभोवती एकही मूल उरलं नाही. खोलीमागे एकच कल्ला उठला. हातमोजे इकडे, टोप्या तिकडे, आणि वीस पोरं कोपरापर्यंत चिखलात. मघाशी जांभई देणारा मुलगा आनंदाने किंचाळत होता. माळ्याला हसू दाबता येईना.

"अगं बाई, जंत!" एका आईने तोंडावर हात ठेवला. "बाळा, टाक! टाक आधी ते!"

अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. "बाई, हा काय प्रकार? लोकांच्या मुलांच्या जिवाशी खेळ चाललाय का इथे?"

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. "काका, हे तुम्ही पाळलंय?"

"पाळायचं काय त्यात, बाई? मातीत असतातच."

"आपल्या मातीत नसतात," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वच्छतागृहातून फिनेलची बाटली मागवली आणि त्याच्या हातात दिली. "ओता. सगळ्यांसमोर ओता. पालकांची खात्री पटायला हवी."

बाटली हातात धरून माळी उभा राहिला. एवढ्या सगळ्या शिकलेल्या माणसांत मिळून मूठभर अक्कल नव्हती, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायला त्याच्याजवळ शब्दही तयार होते. अध्यक्ष त्याच्याकडेच बघत होते. त्याने झाकण फिरवलं.

"भिंगरी, त्याला खाली ठेव बरं. त्याच्या घरी."

काका म्हणाले म्हणून तिने लगेच ऐकलं. गांडूळ ओल्या मातीवर अलगद सोडलं, वर एक कुजलेलं पान पांघरलं आणि बाजूला सरकली.

"मुलांनो, सगळ्यांनी डोळे मिटा पाहू," माळी म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण थेट बाईंसारखा निघाला. एकोणीस मुलांनी डोळे मिटले.

फिनेल ओल्या मातीवर पडताच पांढरं झालं. माती खालून हलली. एकेक करत सगळी गांडुळं वर आली, पिळवटली आणि थोड्या वेळाने थांबली.

पालकांनी सुस्कारा टाकला. एकाने तेही मोबाईलवर टिपलं. अध्यक्षांनी माळ्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास. सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे. उद्यापासून कायम समजा."

माळ्याने मान तुकवली. मग वळून, रोजच्यासारखा, भिंगरीपुढे हात केला. "चल गं, आई आली असेल."

भिंगरीने चिखलाने भरलेले आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले. त्याच्या स्वच्छ हाताकडे नीट बघितलं.

"शी," ती म्हणाली.