तळाची खूण

खजुराची बी वाडग्याच्या काठावर आपटली आणि वाडगा बराच वेळ निनादत राहिला. सुहासिनीने कान टवकारले. साच्यात ओतलेली काच असा आवाज करत नाही. ती ठक्क करते आणि गप्प बसते.

रुकय्याआपांच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. आपांचे यजमान शाहबाजभाई यांना जाऊन दोन दिवस झाले होते. बायका डोक्यावरून ओढण्या घेऊन ओठांतल्या ओठांत काही म्हणत होत्या. सुहासिनीचा नवरा अनिल पुरुषांच्या खोलीत जाऊन बसला होता, आणि लेक दिया आईला खेटून. सुहासिनी आपांना धीर द्यायला आली होती. तिची आई पुण्यात वारली तेव्हा विमानाचं तिकीट मिळेपर्यंत आपाच तिला मिठीत घेऊन बसल्या होत्या, रोल्ला भागातल्या याच घरात. तेव्हा दोघी शेजारणी होत्या.

धीर राहिला बाजूला, सुहासिनीबाईंची नजर वाडग्याला चिकटली ती चिकटलीच.

जुन्या अमेरिकन काचसामानाचं तिला वेडच होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चाकावर धरून हाताने कापलेले, कोरलेले जड वाडगे, तबकं, सुरया. अबुधाबीतून एखादं अमेरिकन कुटुंब गाशा गुंडाळून निघालं की ही त्यांच्या दारात हजर. शेजारणी असताना आपांनाही तिने कित्येकदा सोबत नेलं होतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटमधली दोन कपाटं तिने अशीच भरली होती. त्यांतल्या एकाही भांड्यात आजवर कुणाला कोशिंबीर मिळालेली नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि हा वाडगा इतकी वर्षं या घरात होता? कधी बाहेर कसा आला नाही? कापाच्या कडा कशा धारदार दिसत होत्या! पण कारखान्याची खूण असते ती आत, तळाच्या मधोमध. इतकी पुसट, की वाडगा दिव्याखाली तिरपा धरला तरच दिसते. आणि तळावर तर बियांचा थर होता.

तिने शेजारी पाहिलं. चादरीवर बियांचा आणखी एक मोठा ढीग होता.

“आई, प्लीज. नॉट हिअर,” दिया कुजबुजली. आईचे हात शिवशिवायला लागले की लेकीला आधी कळायचं.

“गप गं. उष्ट्या बिया आहेत, एका जागी करून ठेवते. तेवढीच आपांना मदत.”

गंमत म्हणजे हे बोलताना तिला ते थोडंसं खरंही वाटलं. समोरच्या बायकांचे डोळे मिटलेले होते. तिने वाडगा उचलला, आतल्या बिया अलगद त्या ढिगावर ओतल्या आणि वाडगा ट्यूबलाइटकडे कलता केला. तळावर पुसट रेघ चमकली, मग दुसरी. खूण! क्षणभर ती शाहबाजभाईंना विसरली, आपांना विसरली, आपण कुठे बसलो आहोत तेही विसरली. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

“या अल्लाह! वो पढ़ी हुई थीं!”

आपांची बहीण माहनूर ओरडली होती. सगळ्यांचं पुटपुटणं थांबलं.

“हर गुठली पे एक बार पढ़ते हैं, फिर इसमें डालते हैं,” माहनूर रडवेली होऊन म्हणाली. “सुबह से पढ़ रहे थे भाईजान के लिए. अब कौन सी पढ़ी हुई है, कौन सी नहीं, कौन बताएगा?”

सुहासिनीच्या हातात वाडगा तसाच होता. चेहऱ्यावरचं हसू कुठे लपवावं तिला कळेना.

“सॉरी... मुझे लगा खाए हुए खजूर की हैं. मैंने सोचा, थोड़ा समेट दूं.”

दियाने मान खाली घातली. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती पोर.

भिंतीशी टेकून बसलेल्या आपा उठल्या. “बस, माहनूर. वो हाथ बंटा रही थी. उनके यहां ये नहीं होता, उसको क्या मालूम? फिर से पढ़ लेंगे.”

बायकांचे चेहरे निवळले. “कोई बात नहीं बेटी, नीयत तो अच्छी थी,” म्हणत एका म्हातारीने सुहासिनीच्या पाठीवरून हात फिरवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. खरं सांगून टाकायला हीच वेळ होती. पण तिने मान खाली घातली आणि ती शाबासकी मुकाट्याने घेतली. तिला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

आपांनी तिच्या हातातून वाडगा घेतला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि चादरीवर मधोमध ठेवला. मग त्या तिच्याजवळच टेकल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. त्या तिच्या कानाशी वाकल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं,

“निशान मिला?”

त्यात टोमणा नव्हता. सुहासिनीला म्हणायचं होतं, कसलं निशान, आपा? ओठ हललेही. पण मान आपोआप होकारार्थी हलली.

“अच्छा,” आपा म्हणाल्या. त्यांनी ढिगातली एक बी उचलली, डोळे मिटले आणि नवऱ्यासाठी पहिल्यापासून पढायला सुरुवात केली.