माहेरचं पाणी

भुजंगनं मोटारसायकलवरून पाण्याचा जार उतरवला, तसा ओट्यावर बसलेला ग्यानोबा पेटलाच.

"आज बी आणलंच का, इवाई? माझ्या विहिरीत काय किडे पडलेत?"

"तसं न्हाई. पोरीला माहेरचंच गोड लागतं," म्हणत भुजंगनं नजर चुकवून जार आत नेला.

भुजंगची शिल्पा ही ग्यानोबाची सून. सातवा महिना चालू होता. दिवस गेल्यापासून बापाचा हा नेम, रोज सकाळी शेजारच्या गावाहून पाणी. मग लोक सोडतात होय! दोघांची शेतं लागून, भुजंगचं माळावर, ग्यानोबाचं खाली. बांधावरून पाच वर्षं कोर्टात भांडले. दोन वर्षांमागं पोरापोरीनंच जमवलं, अन् दोघांना झक मारत मांडवात गळाभेट घ्यावी लागली. तरी भुजंग्याच्या पोटातलं काही जात नाही, व्याह्याचं पाणीसुद्धा चालत नाही मेल्याला, असं सगळे म्हणायचे.

त्या दिवशी भूजल खात्याच्या मॅडम विहिरीची पातळी मोजायला आल्या. ग्यानोबानं भुजंगला ओढतच विहिरीवर नेलं.

"सांगा मॅडम यांना, पाणी कसं हाय."

"चांगलं आहे. मागच्या महिन्यातल्या तपासणीत क्षार, फ्लोराइड, जंतू, सगळं मर्यादेत होतं."

"आन् फवारणीचं औषध?" भुजंगनं विचारलं.

"ते त्या तपासणीत येत नाही."

"बघा! खोटच काढायची यांना," ग्यानोबा म्हणाला.

भुजंगनं वर माळाकडं पाहिलं. मग म्हणाला, "माळावरचं पाणी हितं यायला किती दिवस लागतात?"

"खडकात भेग असली तर आठवडा. मुरमातून झिरपत आलं तर दोन-तीन वर्षं. पण उतार इकडंच आहे, काका. वरचं पाणी इथं येणारच."

ग्यानोबा खदखदून हसला. "म्हंजे तुमचंच पाणी पितो की आमी! मग कशाला उगं ओझी वाहता?"

ग्यानोबाच्या घरी परतल्यावर भुजंगनं पोरीला बाजूला घेतलं. "आजच चल माय माज्यासंगं. बाळंतपण होईस्तोवर माहेरीच राहा."

शिल्पाचे डोळे भरून आले. "दादा, पुरं करा आता. सासूबाई माझ्याशी धड बोलत न्हाईत. दोन महिने झाले, तुमचं पाणी म्या वासराला घालते अन् सगळ्यांसंगं विहिरीचं पिते. हे माझं घर हाय. भांडण मिटलं न्हवं तुमचं?"



"मिटलं माय," भुजंग म्हणाला. "कवाच मिटलं."

लग्नाच्या आदल्या साली, कोर्टात हरून आला त्या दिवशी, ग्यानोबाची विहीर नासावी म्हणून त्यानं माळावरच्या आपल्या कोरड्या बोअरमध्ये तणनाशकाचे अकरा डबे स्वतःच्या हातानं ओतले होते.