पासिंगपुरते बल्ब

"साहेब, मी याला तेव्हाच सांगितलं होतं, असले बल्ब कायद्यात बसत नाहीत. पण ऐकतो कुठं!" गाड्यांच्या सामानाचा दुकानदार विलास चौकीत फौजदारांना म्हणाला. शेजारी उभ्या हणमंताने चमकून आपल्या मित्राकडे पाहिलं.

हणमंताच्या प्रवासी जीपच्या हेडलाइटना ते झगझगीत पांढरे बल्ब विलासनेच गळ घालून बसवले होते. "घाटात दिवसासारखं दिसेल, लेका!" दरवर्षी आरटीओच्या पासिंगआधी तोच जुने पिवळे बल्ब लावून द्यायचा आणि पासिंग झालं की पुन्हा पांढरे. "सगळे असंच करतात," म्हणायचा. हणमंतानेही कधी जास्त विचारलं नाही. काल तिन्हीसांजेला त्या उजेडाने समोरच्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपले आणि तो थेट चरात कोसळला. आता पाय मोडून दवाखान्यात पडला होता बिचारा.

जबाब देऊन दोघं चौकीबाहेर आले. विलासने खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. खरं बोललो असतो तर दुकानाला टाळं लागलं असतं. तुझं काय, दंडावर भागेल."

हणमंताने तो हात झटकला.

अंधारून आलं होतं. विलास आपल्या कारमध्ये बसला, दिवे लावले. चौकीच्या भिंतीवर मंद पिवळा उजेड पडला. कंपनीतून आलेले बल्ब, जसेच्या तसे.

हणमंत खिडकीपाशी गेला. "विल्या, तुझ्या गाडीला नाही रे बसवलेस पांढरे?"

विलासने काच वर केली.