माळावरचं खुरपं

वणव्यात जळालेला माळ पुन्हा हिरवा व्हावा म्हणून गावाने तिथली चराई बंद केली होती. राखणीची आजची पाळी हौसाक्काची. रिकामं बसवेना म्हणून तिने खुरपं काढलं आणि दगडाआड उगवलेला गवताचा ठोंब मुळासकट उपटला.

मेंढ्या घेऊन वाटेने चाललेला म्हाकू धनगर ते बघून धावतच आला. "अक्का, मारवेल हाय ती, मेंढरांचा घास! ही परत उगवावी म्हणून दोन वर्सं परमुलखात हिंडलो."

"शेतातली खोड रं. गवत दिसलं की हात जातोच," ती ओशाळून म्हणाली. तिने ठोंब पुन्हा रोवला आणि आपलं पिण्याचं पाणी मुळाशी ओतलं. गवताला पाणी घालायची जन्मातली पहिलीच वेळ.

तेवढ्यात एका मेंढीने मान लांबवली. म्हाकूच्या आधी हौसाक्काच खेकसली, "हट्! रुजू दे की जरा!"