पांढऱ्या ढगाच्या अलीकडे

“सर, उकळतं पाणीही शंभर अंश आणि वाफही शंभर अंश, मग जास्त भाजतं कशाने?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने भर वर्गात विचारलं. सर मात्र हसले नाहीत. “वाफेने. तिच्या पोटात जास्तीची उष्णता दडलेली असते. अंगावर पडून पाणी होताना ती सगळी कातडीवर ओतते. आणि खरी वाफ दिसत नाही बरं का. पांढरं दिसतं, ते तिचं झालेलं पाणी.”

शाळा सुटल्यावर ती आईबाबांच्या लाँड्रीत शिरली, तर बॉयलरमधून इस्त्रीच्या यंत्राला वाफ नेणारा पाइप फुसफुसत होता. पाइपपासून वीतभर लांब पांढरा ढग उठत होता, आणि मधल्या स्वच्छ जागेत बाबा बोटांनी भोक चाचपायला निघाले होते.

“बाबा, हात मागे घ्या.”

“अगं, वाफ तिकडे आहे. इथे काही दिसतंय का?”

दप्तरातली प्लॅस्टिकची लांब पट्टी तिने त्या रिकाम्या जागेत धरली. बघता बघता पट्टीने मान टाकली. आईने बाबांना मागे ओढलं. बाबा आपल्याच बोटांकडे बघत राहिले.

“पण हॉटेलच्या चादरी संध्याकाळी द्यायच्यात,” ते पुटपुटले.

तिने बॉयलरचा बर्नर बंद केला. “मिस्त्री येईपर्यंत हा पेटणार नाही. चादरी चुरगळलेल्याच जातील, आणि हॉटेलवाल्यांची बोलणी खायला मी जाते.”